पाण्याची साक्ष आणि संगणकाची तारीख

अमेरिकेच्या काँग्रेसने २०१२ साली संमत केलेल्या एका कायद्यातील अवघी एक तारीख डिसेंबर २०१४ मध्ये बदलण्यात आली. '१ जानेवारी १९५७' ही तारीख गाळून तेथे '१ ऑगस्ट १९५३' ही तारीख घालण्यात आली. कायद्यांत असले किरकोळ बदल नित्य होत असतात, आणि त्यांची कोणी विशेष दखल घेत नाही. परंतु या बदलामुळे उत्तर कॅरोलायना राज्यातील कॅम्प लेजून या मरीन सैनिकांच्या तळावर त्या साडेतीन वर्षांत राहून गेलेले सैनिक व त्यांचे कुटुंबीय सरकारी वैद्यकीय मदतीच्या कक्षेत आले. ही नवी तारीख कोणा साक्षीदाराच्या जबानीतून पुढे आलेली नव्हती, जुन्या दप्तरात सापडलेली नव्हती, किंवा पाण्याच्या कोठल्या तपासणीतही नोंदलेली नव्हती. १९५३ साली त्या तळावरील पाण्यात ही रसायने कोणी शोधलीच नव्हती. जमिनीखालील पाण्याच्या प्रवासाचे जे गणिती प्रतिमान संगणकावर मांडण्यात आले, त्यातून ती तारीख निघाली होती.

संगणकाने काढलेल्या तारखेवरून कोणाला मदत द्यावयाची आणि कोणाला नाही हे ठरावे, हे योग्य आहे काय? अर्थशास्त्राच्या अध्यापकाने भूजलाच्या शास्त्रात लुडबूड करू नये, असे कोणी म्हटल्यास ते रास्तच आहे. तथापि प्रतिमाने रचणे, त्यांत गृहीते भरणे आणि निघालेल्या आकड्यांवर लोकांचे भवितव्य टांगणे, हा उद्योग आमच्या शास्त्रातही पुष्कळ चालतो. त्या नात्याने या प्रकरणाकडे पाहण्यास हरकत नसावी.

तळावरचे पाणी

कॅम्प लेजून हा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारला गेला. तेथील वसाहतींना पाणी मिळे ते विहिरींचे. निरनिराळ्या विहिरींतून पंपाने उपसलेले पाणी शुद्धीकरण केंद्रात एकत्र येई आणि तेथून नळाने घरोघरी जाई. टरावा टेरेस नावाच्या वसाहतीजवळ, तळाच्या हद्दीबाहेर, 'एबीसी वन-अवर क्लीनर्स' हे कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगचे दुकान १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. तेथे वापरले जाणारे टेट्राक्लोरोएथिलीन हे द्रावण दुकानाच्या सेप्टिक टँकमधून जमिनीत मुरत राहिले. हॅडनॉट पॉइंट या तळाच्या दुसऱ्या भागात यंत्रांवरील वंगण काढण्यासाठी वापरलेले ट्रायक्लोरोएथिलीन आणि टाक्यांतून गळलेले इंधन हेही भूजलात उतरले.

१९८० नंतर पाण्याच्या तपासण्यांतून या रसायनांचे अस्तित्व दिसू लागले. मे १९८२ मध्ये हॅडनॉट पॉइंटच्या पाण्याच्या एका नमुन्यात ट्रायक्लोरोएथिलीनचे प्रमाण लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम भरले. पुढे अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा ठरली, ती लिटरला ५ मायक्रोग्रॅमची आहे. दूषित विहिरी बंद होण्यास मात्र १९८४ ची अखेर आणि १९८५ चा प्रारंभ उजाडला. तोवरच्या तीन दशकांत त्या पाण्याचा ज्यांच्याशी संबंध आला, त्यांची संख्या दहा लाखांपर्यंत असावी असा अंदाज करण्यात येतो. तेथे सेवा केलेले मास्टर सार्जंट जेरी एन्स्मिंगर यांची जेनी ही मुलगी १९८५ साली, वयाच्या नवव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने मरण पावली. तिच्या आजाराचा पाण्याशी संबंध असू शकेल, हे त्यांना १९९७ साली दूरचित्रवाणीवरील एका वार्तेतून प्रथम कळले. पुढे २०१२ च्या कायद्याला तिचे नाव जोडले गेले.

आता पेच असा की, मोजमापे आहेत ती १९८० नंतरची, आणि प्रश्न आहे त्याआधीच्या तीस वर्षांचा. गर्भातील दोषांचा अभ्यास करावयाचा तर एखाद्या मातेच्या गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिच्या नळाच्या पाण्यात काय होते, हे समजले पाहिजे. म्हणजे वर्षाचा आकडा पुरणार नाही, महिन्याचा हवा. ते पाणी तर केव्हाच वाहून गेले. अमेरिकेच्या विषारी द्रव्ये व रोगनोंद यंत्रणेतील अभियंते मॉरिस मास्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. टरावा टेरेसचा त्यांचा अहवाल २००७ साली आणि हॅडनॉट पॉइंटचा २०१३ साली प्रसिद्ध झाला.

प्रतिमानात काय भरतात?

या कामाचा पाया जुना आहे. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम सांगितला. पाण्याच्या पातळीचा उतार जितका अधिक आणि थर जितका पारगम्य, तितका प्रवाह अधिक, हे त्याचे सार होय. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 'मॉडफ्लो' नावाचा जो संगणकी कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकात सिद्ध केला, तो याच नियमावर चालतो. पाण्याबरोबर जाणाऱ्या रसायनाचा हिशेब ठेवणारा 'एमटी३डी' हा कार्यक्रम चुन्म्याव झेंग यांनी १९९० साली तयार केला. त्याची सुधारित आवृत्ती मॉडफ्लोच्या जोडीने लेजूनच्या कामी वापरली गेली.

कार्यक्रम तयार आहे म्हणून उत्तर तयार आहे, असे मात्र नव्हे. तो चालविण्यापूर्वी अभ्यासकाला अनेक निवडी कराव्या लागतात. पहिली निवड सीमेची. कोठवरच्या जमिनीचा विचार करावयाचा, आणि त्या कडेने पाणी आत येते, बाहेर जाते की थांबते, हे ठरवावे लागते. नंतर त्या जमिनीची, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे, घरे पाडावयाची, आणि खोलीनुसार एकावर एक असे थर मांडावयाचे. लेजूनच्या टरावा टेरेस प्रतिमानात प्रत्येक घर ५० फूट लांबीरुंदीचे होते. काळाचेही तुकडे पाडावे लागतात. तेथे १९५१ ते १९९४ हा कालखंड महिन्यामहिन्यांनी मांडण्यात आला.

घर किती मोठे असावे, ही केवळ सोयीची बाब नाही. दूषित पाणी पुढे सरकताना वाळूच्या कणांभोवतीच्या आडवळणांमुळे थोडे पसरते. काही धारा पुढे धावतात, काही मागे रेंगाळतात. हे पसरणे निसर्गाचे असते. परंतु घरे फार मोठी घेतली, तर एका घरात शिरलेले रसायन त्या सबंध घरात सारखे वाटले गेले असे संगणक मानतो, आणि जे पसरणे जमिनीत घडलेच नाही ते कागदावर घडते. मग दूषित पाणी विहिरीपाशी प्रत्यक्षाहून आधी, परंतु अधिक पातळ होऊन पोहोचल्याचे दिसते. यासाठी घराची लांबी ही नैसर्गिक पसरण्याच्या अंतराच्या दुपटीहून अधिक नसावी, असा संकेत पाळला जातो. लेजून येथे हे अंतर २५ फूट धरले होते, म्हणजे ५० फुटांचे घर या संकेताच्या अगदी काठावर बसते. काळाचा टप्पाही असा हवा की एका टप्प्यात पाण्याने एक घर ओलांडून पुढच्याच्या पुढे उडी मारू नये.

पुढची निवड रसायनाच्या वागणुकीची. टेट्राक्लोरोएथिलीन पाण्याच्याच वेगाने धावत नाही. ते मातीच्या कणांना, विशेषतः त्यांतील सेंद्रिय अंशाला, चिकटते आणि पुन्हा सुटते. लेजूनच्या प्रतिमानात ते पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश वेगाने सरकते असे धरले गेले. जमिनीतील सूक्ष्म जीव त्याचे हळूहळू विघटन करतात, त्याचाही दर ठरवावा लागतो. सर्वांत अवघड आकडा म्हणजे दुकानातून दररोज किती रसायन जमिनीत जात होते हा. त्याची वही कोणी ठेवलेली नव्हती. प्रतिमानाची उत्तरे १९८० नंतरच्या मोजमापांशी जुळावीत अशा बेताने तो दिवसाला सुमारे १,२०० ग्रॅम असा ठरविण्यात आला. विहिरींचे पंप कोणत्या महिन्यात किती चालले, याच्याही जुन्या नोंदी अपुऱ्या होत्या. त्याही अनुमानाने भरून काढाव्या लागल्या. पंप हा येथे किरकोळ तपशील नव्हे. विहीर उपसली म्हणजे भोवतालचे पाणी तिच्याकडे ओढले जाते, आणि दूषित लोटाची दिशा व वेग त्यावरच ठरतात.

आकड्यांची जुळणी

ही सारी जुळवाजुळव म्हणजे मनाला येईल तो आकडा घालणे होय, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रथम पंप सुरू होण्यापूर्वीच्या पाण्याच्या पातळ्या जुळवून पाहण्यात आल्या, मग पंप चालू असतानाच्या पातळ्या, मग विहिरींतील रसायनाचे प्रमाण, आणि शेवटी शुद्धीकरण केंद्रातील मिश्रणाचे प्रमाण. अशा चार पायऱ्यांनी प्रतिमान तपासले गेले. रसायनाच्या बाबतीत मोजलेला व गणिताने आलेला आकडा यांत साधारणतः तिपटीपर्यंतचा फरक चालेल, असे प्रमाण आधीच जाहीर केले होते. तिपटीचा फरक ऐकून वाचक चकित होतील. पण निसर्गातील मोजमापही किती चंचल असते, हे पाहावे. दुकानाजवळच्या ज्या विहिरीतून सर्वांत अधिक दूषित पाणी येत होते, तेथे जानेवारी १९८५ मध्ये लिटरला १,५८० मायक्रोग्रॅम आढळले. पुढच्याच महिन्यात, पंप बंद केल्यानंतर घेतलेल्या नमुन्यांत ते शंभराच्याही आत होते.

या साऱ्यातून टरावा टेरेसबद्दल निघालेले उत्तर असे: नळाच्या पाण्यातील टेट्राक्लोरोएथिलीनने आजची मर्यादा नोव्हेंबर १९५७ मध्ये ओलांडली, आणि केंद्र बंद होण्याच्या सुमारापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी १९८७ पर्यंत, ते बहुतेक त्या मर्यादेच्या वरच राहिले. पंपांचे वेळापत्रक निराळे धरले तर ओलांडण्याची ही तारीख १९५६ च्या अखेरीपासून १९६० च्या मध्यापर्यंत मागेपुढे सरकते, हेही अहवालकर्त्यांनीच सांगितले. २०१२ च्या कायद्यातील १९५७ हे वर्ष या उत्तराशी मिळतेजुळते होते. पुढे हॅडनॉट पॉइंटचे प्रतिमान पुरे झाले, तेव्हा तेथील पाण्याने ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा ऑगस्ट १९५३ मध्येच ओलांडली असावी, असे निघाले. कायद्यातील तारीख मागे सरकली, ती त्यानंतर.

आक्षेप आणि त्याचा अर्थ

या कामावर मोठा आक्षेप आला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेकडून. तिच्या समितीने जून २००९ मध्ये दिलेल्या अहवालात, महिन्यामहिन्याचे आकडे देण्याने जी अचूकता भासते तिला उपलब्ध माहितीचा आधार नाही, असे म्हटले. हॅडनॉट पॉइंटसाठी याहून साध्या पद्धती वापराव्यात, अशी तिची सूचना होती. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. अर्थशास्त्रात ज्यांनी थोडेफार काम केले आहे, त्यांच्या ही अडचण परिचयाची आहे. अज्ञात राशी अनेक आणि निरीक्षणे थोडी असली, म्हणजे निरनिराळ्या गृहीतांचे संच तीच निरीक्षणे सारख्याच समाधानकारक रीतीने स्पष्ट करू शकतात. रसायनाचे विघटन अधिक वेगाने होते असे धरावे आणि जमिनीत जाणारा रोजचा भार थोडा वाढवावा. १९८५ चे आकडे कदाचित तेवढेच नीट जुळतील, परंतु १९५७ चे बदलतील. संगणक दशांश चिन्हापुढील कितीही अंक छापून देतो. त्या अंकांना अर्थ देणे हे त्याचे काम नव्हे.

परंतु त्याच समितीने आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती पुष्कळांच्या विस्मरणात गेली. अधिक संशोधनाने निर्णायक उत्तर मिळण्याचा संभव फारसा नाही, म्हणून त्याची वाट पाहत धोरणात्मक निर्णय लांबणीवर टाकू नयेत, असे तिने म्हटले होते. या दोन विधानांत विसंगती नाही. किंबहुना या प्रकरणाचे मर्म त्यांच्या एकत्र वाचनातच आहे. अनिश्चितता खरी आहे. मात्र तिचा बोजा कोणी वाहावयाचा, हा प्रश्न भूजलशास्त्राचा नाही. तो न्यायाचा आहे.

या अनिश्चिततेचा उगम कोठे आहे, याचा विचार केला म्हणजे हे स्पष्ट होते. पंपांच्या नोंदी सैनिकांच्या बायकांनी ठेवावयाच्या नव्हत्या. पाण्याची तपासणी शाळकरी मुलांनी करावयाची नव्हती. दुकानातून किती द्रावण वाहून गेले, हे नळाचे पाणी पिणाऱ्यास कळण्याचा मार्गच नव्हता. ज्याच्या हाती माहिती ठेवण्याची सत्ता होती, त्याने ती ठेवली नाही. मग त्या अभावाचा लाभ त्यालाच द्यावा आणि तोटा दुसऱ्याने सोसावा, हे कोणत्या तत्त्वात बसते? २०२२ च्या कायद्याने १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ या काळात किमान तीस दिवस त्या तळावर काढलेल्यांना दावा लावण्याचा हक्क दिला. पाणी आणि आजार यांतील कार्यकारणसंबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी तरी आहे, एवढे दाखविणे पुरेसे मानले. सिद्धतेचा भार पूर्णपणे हटविला नाही, पण हलका केला. चार लाखांहून अधिक दावे दाखल झाले. त्यानंतरच्या खटल्यांत मात्र सरकारपक्षाच्या तज्ज्ञांनी सरकारच्याच यंत्रणेने केलेल्या प्रतिमानांच्या अचूकतेवर हल्ला चढविला. प्रतिवादीने पुरावा तपासून घ्यावा, यात गैर काही नाही. मात्र या तपासणीचा निष्कर्ष 'आकडा नेमका नाही, म्हणून काही घडलेच नाही' असा काढू लागले, तर तो तर्कदोष होय. २१५ मायक्रोग्रॅम, हा १९८५ साली टरावा टेरेसच्या नळाच्या पाण्यात प्रत्यक्ष मोजलेला आकडा कोणत्याही प्रतिमानावर अवलंबून नाही.

आपल्याकडे काय?

ही कहाणी परदेशची असली, तरी तिचा एक धडा महाराष्ट्राला थेट लागू पडतो. लेजूनची जमीन वाळूच्या व चिकणमातीच्या थरांची आहे. अशा जमिनीत पाणी सर्वत्र झिरपते, असे मानणे पुष्कळसे चालून जाते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापला आहे. आपल्या विहिरींना पाणी लागते ते खडकाच्या भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून. एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडच्या शेतात बोअर कोरडी जाते, हा आपल्या शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. वाळूसाठी घेतलेली गृहीते भेगाळलेल्या खडकावर जशीच्या तशी लादली, तर दूषित पाणी कोणत्या विहिरीत केव्हा पोहोचेल, याचे उत्तर साफ चुकेल. मॉडफ्लोसारखे कार्यक्रम विनामूल्य मिळतात आणि आपल्या विद्यार्थ्यांनी ते जरूर शिकावेत. परंतु ज्ञानाचे हे साधन फुकट असले, तरी त्यात भरावयाची माहिती फुकट मिळत नाही.

१९७२ पासून काम करणारी आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचे आहे. पण लेजूनच्या अभ्यासकांना ज्या माहितीवाचून अंधारात चाचपडावे लागले, ती निराळी होती: कोणत्या उद्योगाने कोणते द्रावण किती वापरले, त्याचे सांडपाणी कोठे सोडले, भोवतालच्या विहिरींतून किती उपसा झाला, आणि त्या पाण्यात ती विशिष्ट रसायने आहेत की नाहीत. औद्योगिक वसाहतींच्या आसपास अशा नोंदी महिन्यामहिन्याला ठेवणे आणि त्या गावकऱ्यांना पाहावयास खुल्या असणे, यास लागणारा खर्च पुढे चार दशकांनी करावयाच्या गणितांच्या, खटल्यांच्या आणि औषधोपचारांच्या तुलनेने नगण्य आहे. आमच्या शास्त्रात याला भविष्यकालीन खर्चाची टाळणी म्हणतात, आणि तिचे मोल हिशेबात धरण्यास आपली अंदाजपत्रके अजून पुरेशी शिकलेली नाहीत.

यासंबंधी तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. सार्वजनिक निर्णय ज्या प्रतिमानावर घेतला जाणार असेल, त्यातील सीमा, घरांचा आकार, वेगाचे व विघटनाचे दर, हे सर्व लोकांपुढे मांडले जावे. लेजूनच्या यंत्रणेने ते शेकडो पृष्ठांच्या अहवालांतून मांडले, म्हणूनच त्यावर वाद होऊ शकला. दुसरी गोष्ट, उत्तर एका आकड्यात न देता कोठून कोठपर्यंत असू शकेल ते सांगितले जावे, आणि 'साधारण इतके' असे प्रांजळपणे म्हणणाऱ्या अभ्यासकास कमकुवत समजू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, अनिश्चिततेचा बोजा कोणावर टाकावयाचा याचा निर्णय संगणकावर सोपवू नये. तो लोकप्रतिनिधींनी आणि न्यायालयांनी उघडपणे, आपल्या नावावर घ्यावा.

१ ऑगस्ट १९५३ ही तारीख नेमकी खरी आहे काय? तसे कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही. ती काही महिने अलीकडची किंवा पलीकडची असू शकेल. पण मदतीसाठी कोठे तरी रेघ ओढणे भाग होते. उपलब्ध पुराव्यानिशी ती पीडितांना अधिकाधिक सामावून घेईल अशा जागी ओढली गेली, आणि ती तेथे का ओढली हे कोणालाही तपासून पाहता येते. प्रतिमानाकडून याहून अधिकाची अपेक्षा करू नये, आणि शासनाकडून याहून कमीवर समाधान मानू नये.